मीठ खाली ठेव

१

औद्योगिक वसाहतीकडून येणारा रस्ता साताऱ्यात शिरायच्या अलीकडे एक बोळ लागतो. त्या बोळात राहीबाईंची खानावळ. पाटी कधी लावली नाही, लावायची गरजही पडली नाही. दुपारच्या आधी बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की फोडणीच्या वासावर माणूस बरोबर दारात येऊन पोचे. पाळी सुटून आलेली कारखान्यातली पोरं, चार एकटे कारकून, एखादा निवृत्त फौजी. सगळ्यांना राहीबाई एकाच हातानं वाढत आणि एकाच आवाजात दटावत.

गेल्या फाल्गुनात राहीबाई गेल्या. खानावळीला कुलूप लागलं. दिवाळीनंतर ते कुलूप उघडलं त्यांच्या मुलानं, लालासाहेबानं.

लालासाहेब म्हणजे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला माणूस. उसाच्या रसाचे नमुने, काचेच्या नळ्या आणि तराजू यांच्यात त्याची हयात गेलेली. आई गेल्यावर त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि खानावळ चालवायची ठरवलं. बायको क्रांती तासगावला शाळेत शिकवायची, तिची नोकरी अजून बाकी होती. "तुम्ही आणि स्वयंपाक?" ती म्हणाली. "चहा उतू घालवणारा माणूस तुम्ही." पण तिनं अडवलं नाही. आईचं जाणं हा माणूस बोलून नाही, हातानं काहीतरी करत सोसणार, एवढं तिला कळत होतं.

शिवाय तानुबाई होती. मेढ्याकडची, तरुणपणी नवरा गेल्यावर राहीबाईंच्या हाताखाली आलेली आणि तिथंच म्हातारी झालेली. कोपऱ्यातल्या चुलीपुढं, भिंतीकडं तोंड करून ती भाकरी थापत बसायची. शेगडीचा कट्टा तिच्या पाठीमागं. कट्टा आणि चूल यांच्या मधोमध जमिनीवर एक लाकडी पाट असायचा, बसायचा नव्हे, मीठ ठेवायचा. वर्षानुवर्षं मीठ पडून त्याचं लाकूड मधोमध पांढुरकं झालं होतं आणि तिथं उथळ खळगा पडला होता.

कारण मीठ कुणी कुणाच्या हातात देत नाही. दिलं तर भांडण लागतं. एकानं खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. हे त्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत राहीबाई खानावळीबद्दल फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाकीचं तुला जमंल, लाला. मीठ तेवढं खाली ठेवायचं आन् आपल्या कामाला लागायचं. मागं बघत बसायचं न्हाई."

दुःख कुरवाळत बसू नकोस, असं आई सुचवतेय, असं त्याला वाटलं. तिचा हात हातात घेऊन तो हो म्हणाला होता.

२

पहिल्या आठवड्यात आमटी खारट झाली.

लालासाहेबानं कट्ट्यावर छोटा वजनकाटा आणून ठेवला होता. आईची मापं मुठीची, चिमटीची. ती मूठ आता कुठून आणणार? तेव्हा त्यानं बाजारातून बारीक मिठाच्या पिशव्या आणल्या, डाळ किती, पाणी किती यावरून मिठाचं प्रमाण काढलं आणि काट्यावर तोलून मीठ पातेल्यात टाकलं. पाट अडगळ करतो म्हणून दाराच्या मागं उभा करून ठेवला. खड्याच्या मिठाची जुनी बरणी मात्र कट्ट्याच्या बाजूच्या कोनाड्यात, तोंडावर फडकं टाकलेली, होती तशीच राहू दिली. आईची वस्तू.

"काका," पहिला घास घेऊन आसिफ म्हणाला. हा लेथ मशीनवर काम करणारा तासगावकडचा पोरगा, राहीबाईंचा लाडका. "तुमी कारखान्यात साखरंच्या जागी मीठ तर न्हवतं ना बनवत?"

बाकीचे हसले. लालासाहेबही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मीठ कमी केलं. तरी खारट. आणखी कमी केलं. तरी जीभ चरचरत होती. काटा चुकतोय का म्हणून त्यानं बंद पाकीट ठेवून वजन पाहिलं. काटा बरोबर होता. डाळ बदलून पाहिली. नळाचं पाणी सोडून पिण्याचं पाणी वापरलं. काही फरक नाही.

"दादा, तुमी इतकं मोजताय कशाला?" तानुबाई भाकरीवरून नजर न काढता म्हणाली. "बाईंनी कवा मोजलं न्हाई."

"आईच्या हाताला अंदाज होता, तानुबाई. माझ्या हाताला नाही."

"मंग हाताला सवय हू द्या. अन्न काय पळून जातंय व्हय?"

असा कमी करत करत तो एक दिवस अगदी तळाला आला. त्या दिवशी आमटीत त्यानं मिठाचा कणही टाकला नाही. म्हटलं, पाहू तरी. अळणी झाली तर पानावर वाढून घेतील.

आसिफनं भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली. त्याचे डोळे पाणावले होते. "काका," तो जरा वेळानं म्हणाला, "आज मावशींची आमटी झाली बघा. हुबेहूब."

३

ते ऐकून लालासाहेबाला आनंद व्हायला हवा होता. पण तो स्वयंपाकघरात परत आला, पळीभर आमटी वाटीत घेऊन चाखली आणि तसाच उभा राहिला. मीठ होतं. नेमकं, तोलून घातल्यासारखं. आणि घातलं त्यानं नव्हतं.

प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्यात नको तो पदार्थ सापडला तर पहिला प्रश्न असायचा, नमुन्याजवळ कोण गेलं होतं. इथं उत्तर सोपं होतं. स्वयंपाकघरात दोनच माणसं.

त्यानंतरचे काही दिवस तो तानुबाईवर नजर ठेवून होता. ते त्याला स्वतःलाही आवडत नव्हतं. लहानपणी ताप आला की हिनंच कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या होत्या. पण संशय असा असतो की एकदा आत शिरला म्हणजे घरातलीच भांडी वाजवायला लागतो. ती काटवटीवर वाकली की त्याला वाटे, काहीतरी लपवते आहे. तो आत आला की तिचं गुणगुणणं थांबे, तेही त्याला आता खटकू लागलं. बाहेर ताटं मांडायला जाताना तो मुद्दाम मध्येच परत फिरे. ती प्रत्येक वेळी भिंतीकडं तोंड करून बसलेली असे. आणि आमटीत प्रत्येक वेळी मीठ असे.

शेवटी एके सकाळी, जेवणारे मेंबर यायच्या आधी, त्यानं विचारलंच.

"तानुबाई, आमटीत मीठ कोण टाकतंय?"

"म्हंजी? तुमीच की."

"गेले कित्येक दिवस मी टाकलेलंच नाही."

तिनं मान वळवून पाहिलं. "मग मी टाकते म्हनताय?"

"आई म्हणायची, मीठ तानूचं. तिच्या तोंडून ऐकलंय मी. कितीतरी वेळा."

"बाई असं म्हनायच्या?" तिच्या चेहऱ्यावर आधी नवल उमटलं आणि मग ते हळूहळू विझलं. "दादा, मी मिठाला कवा हात लावला न्हाई. मीठ बाईंचं काम."

एकतर ही खोटं बोलते, नाहीतर आई खोटं बोलली. लालासाहेबाला निवड अवघड गेली नाही.

"माझा स्वयंपाक बिघडला की खानावळ तुमच्या हातात राहील, असं काही असेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच त्याला कळलं की ते परत घेता येणार नाही. तानुबाई उठली. हाताचं पीठ काटवटीतच झाडलं. तव्यावरची भाकरी उलटून, नीट भाजून टोपलीत ठेवली. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "माझ्या भावाच्या घरी जाते मी. बाईंच्या जिवावर हितं होते. त्या न्हाईत, तर मी कशाला?"

मागच्या दारानं यायची-जायची सवय तिची. त्या दिवशी मात्र ती पुढच्या दारानं गेली.

४

तानुबाई गेल्यावर लालासाहेब भाकरी शेजारच्या गल्लीतल्या बाईकडून विकत आणू लागला. स्वयंपाकघरात तो एकटा. दुसऱ्याच दिवशी त्यानं मुद्दाम अळणी आमटी केली. बाहेर जाऊन ताटं मांडली, परत आला, चाखली.

मीठ होतं.

पळी हातातच राहिली. पहिल्यांदा त्याला आठवली ती टोपलीत नीट ठेवलेली शेवटची भाकरी.

संध्याकाळी त्यानं क्रांतीला फोन लावला.

"अहो, चटणी," क्रांती म्हणाली. "कांदा-लसणाच्या चटणीत मीठ असतंच की. तुम्ही केमिस्ट ना?"

खरंच. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हायसंही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चटणीचा कणही न घालता नुसती डाळ शिजवली. डाळ, पाणी, हळद. पातेल्यावर झाकण ठेवून तो बाहेर जाऊन बसला. आतून काही आवाज येतो का म्हणून कान देऊन होता. डाळ रटरटत होती. एकदा फक्त कोरड्या जागेवरून तळहात फिरवावा तसं काहीतरी झालं. नक्की सांगता येणार नाही. झाकणही वाजलं असेल, वाफेनं वाजतंच.

डाळीत मीठ होतं.

मग त्याची नजर कोनाड्यातल्या बरणीकडं गेली. फडकं काढून पाहिलं. खड्याचं मीठ, ज्याला तो आल्यापासून शिवलाही नव्हता, बरंच खाली गेलेलं. आणि वरच्या थरात एक खळगा. मूठ भरून घ्यावी तसा.

सांगायला नको, त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं. आईच्या मागं तो अजून रडला नव्हता. त्या बरणीसमोर उभा राहून, फडकं डोळ्यांना लावून तो रडला. आई म्हणजे आई. मुलाची फजिती तिला बघवली नसेल. असलं काही आपण मानत नाही, हे त्याला आठवलं, पण त्या दुपारी न मानण्याची गरज त्याला वाटली नाही. "बस की ग आता," तो बरणीला म्हणाला. "शिकतोय मी."

डोळे पुसून झाल्यावर त्यानं पुन्हा वाकून पाहिलं. आणि प्रयोगशाळेतली ती जुनी खोड जागी झाली.

शेवटची काही वर्षं आईची बोटं संधिवातानं आखडली होती. तिला मूठ वळता येत नव्हती. चमच्यानं मीठ काढायची ती. हा खळगा मात्र घट्ट, गोल मुठीचा होता, आणि लहान. दुसरं असं की कोनाड्यातल्या बरणीत पुढून हात घातला तर खळगा पुढच्या बाजूनं उतरता होतो आणि मागच्या कडेशी खोल जातो. हा उलटा होता. मीठ भिंतीच्या बाजूनं उकरलं होतं.

कोनाड्याच्या मागं काही नाही. एक विटेची भिंत, आणि पलीकडं शेजाऱ्याचं बंद गोदाम.

५

माणूस भ्यायला की आधी कुलूप शोधतो. लालासाहेबानं बरणीला झाकण घट्ट बसवलं, सुतळीनं बांधलं आणि पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. बारीक मिठाच्या पिशव्याही तिथंच.

त्या दिवशी आमटी अळणी झाली. स्वच्छ अळणी. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मेंबर लोकांना हसत हसत सांगितलं, "मीठ पानावर घ्या रे, आज विसरलो."

"काका, काल-परवा काय झक्कास जमलं हुतं," आसिफ म्हणाला. "आज कुनाची दिष्ट लागली?"

पुढं रोजच, तो टाकेल तेवढंच मीठ आमटीत असे. मीठ टाकायला तो किल्लीनं कपाट उघडे, काट्यावर तोले, पातेल्यात टाके, पुन्हा कुलूप लावी. आमटी बरी व्हायची. आईसारखी नाही, पण त्याची होती. दोन-तीन मेंबर कमी झाले. तरी त्यानं मनाशी धरलं की हरकत नाही, हळूहळू हात बसेल. खानावळ आपली आहे, कुणा दुसऱ्याच्या मुठीवर ती चालणार नाही.

मग पीठ दिसलं.

दाराच्या मागं उभा केलेला पाट एका सकाळी आडवा पडलेला होता. जागा तीच, कट्टा आणि चुलीच्या मधली. पडला असेल. त्याच्यावर जुन्या पिठाचा पातळ थर बसला होता, तानुबाई गेल्यापासून झाडलोट तितकीशी होत नव्हती. त्या थरात चार बोटं फिरलेली होती. खळग्यातून पुढं, पुन्हा मागं, मग कडेकडेनं. अंधारात उशाशी चष्मा चाचपावा तशी.

त्यानं पाट पुसला आणि अंगणात नेऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी बोटं चुलीच्या काठावर होती, राखेत. त्यानंतर कट्ट्याच्या खालच्या कडेला. मग कट्ट्यावर, वजनकाट्याच्या अवतीभोवती. काटा जागचा हललेला. आणि एके दिवशी भरल्या दुपारी, वांगी चिरून झाल्यावर त्यानं हात धुण्यासाठी पाठ वळवली, पुन्हा वळून पाहिलं, तर विळीच्या बाजूला सांडलेल्या कुटाच्या थरात बोटांची ताजी रेघ होती. जिथं क्षणापूर्वी त्याचा हात टेकलेला होता, अगदी तिथपर्यंत येऊन थांबलेली.

उंदीर, तो स्वतःशी म्हणाला. उंदराला चार बोटं असतात. हे त्याला शाळेत शिकवलं होतं. त्यानं त्या दिवशी उरलेला स्वयंपाक पाठ भिंतीला लावून केला.

६

आईचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी खानावळ बंद ठेवून लालासाहेब मेढ्याच्या गाडीत बसला. तानुबाईला बोलवायचं होतं. माफी मागायची होती. आणखी काहीतरी विचारायचंही होतं, पण ते काय, हे त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

तिच्या भावाचं घर गावाच्या वरच्या अंगाला. ती ओसरीत नाचणी पाखडत बसली होती. त्याला पाहून उठली नाही, पण पाखडायची थांबली.

"वाळलात दादा."

"तानुबाई, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं." तिनं सूप बाजूला सारलं. "भाकरी खावा आधी. गाडीचं आलाय."

तिनं त्याला जेवू घातलं. ताट उचलताना म्हणाली, "दादा, तवाधरनं एकच घोकतीय मी. बाई तुमाला खरंच म्हनायच्या, मीठ तानूचं?"

"हो. मी लहान असल्यापासून."

"पर मी कवाच घातलं न्हाई. गळ्याची आन." ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. "बाई बरनीतनं मीठ काढून पाटावर ठेवायच्या. म्हनायच्या, तानू, आपल्या भाकरीकडं बघ. मी भिंतीकडं तोंड करायची. मग पाठीमागं पाटावरनं हात फिरायचा, पातेल्यात मीठ पडायचं. रोज आयकायची मी. मला काय वाटनार? बाईच घालत्यात."

लालासाहेबाला पुढची खोली दिसू लागली. तो दप्तर मांडीवर घेऊन बसलेला. आई ताटं मांडतेय, भांड्यांत पाणी ओततेय. आणि मध्येच आतल्या बाजूला कान देऊन समाधानानं म्हणतेय, *तानूनं मीठ टाकलं वाटतं.*

"तानुबाई," तो म्हणाला, "मीठ पाटावर ठेवून आई बाहेर यायची. ताटं मांडायला. माझ्याजवळ असायची ती."

ओसरीवर कोंबडी नाचणीत पाय मारत होती. तिला हाकलायचं दोघांनाही सुचलं नाही.

एकीनं मीठ खाली ठेवलं, दुसरी उचलेल म्हणून. दुसरीला वाटलं, पहिलीनंच उचललं. दोघींनी इमानानं पाठ फिरवली. सारा जन्म.

"जेवल्या ताटावर नगं बोलाय असलं," तानुबाई घाईनं म्हणाली. मग आवाज उतरवून, "आता कुठं हाय मीठ?"

"कपाटात. कुलूप घालून."

"आन् पाट?"

"अंगणात."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तर नुकत्याच आजारी पडलेल्या माणसाकडं पाहावं तसं काहीतरी होतं. "काडा भाईर. पाट जागच्या जागी ठिवा. बाई ठेवायच्या तसं मीठ ठिवा आन् वळू नगा. येवढंच मला म्हाईत. त्याच्या पल्याड मी कवा इचारलं न्हाई, बाईंनी कवा सांगितलं न्हाई. आन् दादा, कुनाच्या हातात देऊ नगा."

"कुणाच्या देणार? घरात मी एकटाच आहे."

तानुबाईनं ताट आत नेऊन ठेवलं. पोचवायला ती गाडीपर्यंत आली. गाडी सुटताना खिडकीखाली येऊन म्हणाली, "उद्या येते. पयल्या गाडीनं. बाईंचं पान मी वाढनार."

७

सकाळी लालासाहेबानं आंघोळ करून पाट घासला आणि जागच्या जागी ठेवला. कपाट उघडून बरणी आणली, सुतळी सोडली. आमटी, वांग्याची भाजी, वडे, खीर. आईला आवडायचं ते सगळं मांडलं होतं. पान कावळ्याला जाईपर्यंत चाखायचं नव्हतं. बरोबर झालं की चुकलं, आज कळायला मार्ग नव्हता. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. तानुबाई येणार होती. ती आली की चुलीपुढं बसेल, भिंतीकडं तोंड करील, घर पुन्हा जागेवर येईल. मागचं दार त्यानं तिच्यासाठी उघडंच ठेवलं होतं.

आमटीला उकळी आली. त्यानं बरणीतून मूठभर मीठ घेतलं, पाटाकडं वळणार तोच शेजारच्या शेगडीवर खीर वर आली. उजव्या हातानं त्यानं पळी धरली आणि भराभर ढवळू लागला. डाव्या मुठीत मीठ. वाफेनं चष्मा पांढरा झाला. पाटापर्यंत वाकावं तर खीर तळाला लागेल, असा तो अडकून पडला.

तेव्हा डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, कुणीतरी हात पुढं केला.

वाफेतून नीट दिसलं नाही. तळहात वर केलेला, बोटं जराशी जुळवलेली. वाढणारा घाईत असताना दुसऱ्यानं करावा तसा, रोजचा, ओळखीचा.

"आलात? बरं झालं," लालासाहेब म्हणाला. छातीवरचा दगड उतरावा तसं त्याला झालं. त्यानं मूठ त्या तळहातावर उघडली.

तळहात कोरडा होता. गाडीतून उतरून, पाय धुऊन, स्वयंपाकघरात शिरलेल्या बाईचा हात कोरडा नसतो. आणि लहान होता. मीठ त्यात मावलं नाही, दोन-चार खडे फरशीवर पडले. मग बोटं सावकाश मिटली. मिटताना त्याच्या बोटांना लागून गेली, आणि जरा रेंगाळली.

पुढचं दार वाजलं.

"दादा! आवं, दार लावून बसलाय व्हय? गाडीचा टायर गेला मेढ्याच्या घाटात!"

पळी खिरीत तशीच राहिली. दार नुसतंच लोटलेलं होतं, ते करकरत उघडलं. तानुबाईच्या वहाणा ओसरीत निघाल्या. पिशवी सावरत, गाडीला शिव्या घालत ती आत येत होती. "कंडक्टर म्हनतो, आजी, धक्का मारा. म्हनलं मेल्या, तुझ्या आज्याला..."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिचं बोलणं तुटलं.

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला, हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा. मग तिचा आवाज आला, पण भलत्याच दिशेनं. भिंतीकडं तोंड करून बोलल्यासारखा.

"दादा. मीठ खाली ठेवलं हुतं न्हवं?"

खीर लागल्याचा वास सुटला. आमटीत मीठ पडल्याचा आवाज येईल म्हणून लालासाहेब श्वास धरून थांबला. तो आला नाही. त्याऐवजी अगदी त्याच्या डाव्या खांद्यामागं खडेमीठ दाताखाली फुटलं. एक खडा. जरा थांबून दुसरा. सावकाश, चव घेत.

सगळं संपेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले, ती त्या भिंतीकडं तोंड करून, तो या.

मग चष्म्यावरच्या वाफेत, डाव्या अंगाला, तो तळहात पुन्हा पुढं आला.